गाठोड्याला लागलेला हात

संध्याकाळी घरी आली की शिवकामीआत्या आधी ओट्यावर बसायची आणि पिशवी उलटी करायची. उंबरा ओलांडायच्या आधी. पिशवीतून उपकेंद्राचं पेन निघे, दुसऱ्या नर्सच्या डब्यातला चमचा, औषधाच्या बाटलीचं बूच, कधी एखाद्या बाळाच्या वाळ्यातून निसटलेलं घुंगरू. जे आपलं नाही ते ती एका पितळी वाटीत टाकी आणि वाटी ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवी. सकाळी निघताना वाटी पिशवीत रिकामी करून जाई. ज्याचं त्याला देऊन येई.

"दुसऱ्याची वस्तू घरांत निजूं नये," ती म्हणायची. "तिलाही झोंप येत नाहीं, आपल्यालाही नाहीं."

माझे वडील, वैद्यनाथ, तिचे धाकटे भाऊ. ते खुर्चीतून चिडवायचे, "अक्का, त्या वाटीपुढे दक्षिणा ठेवूं का?"

"ठेव की. तीही परत करीन."

आत्या सरकारी आरोग्यसेविका होती. कुंभकोणमहून पट्टीश्वरमच्या पुढे जाणाऱ्या बसने ती रोज उपकेंद्रात जायची. निळी साडी, लोखंडी दांड्याची छत्री, लसींचा डबा. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही याची आमच्या घरात बरीच उत्तरं होती, तिचं स्वतःचं त्यात एकही नव्हतं. आमचे पूर्वज तंजावूरच्या मराठी राजांबरोबर इकडे आले, म्हणून घरी आम्ही मराठी बोलतो. पुण्याचे पाहुणे आले की त्यांना ती पोथीतली वाटते आणि ते आम्हाला पुन्हा पुन्हा बोलायला लावून हसतात. दाराबाहेर पाऊल पडलं की तमिळ. आत्याच्या आयुष्यात मात्र तिसरीही एक बोली होती आणि तिच्यामुळेच पुढचं सगळं घडलं.

तिच्या हद्दीत, एका कालव्याच्या काठी, नरिक्कुरवर लोकांची वस्ती आहे. मणी ओवून माळा करायच्या आणि देवळांबाहेर, बसथांब्यावर विकायच्या हा त्यांचा धंदा. पूर्वी ते कोल्ह्यांची शिकार करत, म्हणून तमिळ लोकांनी त्यांना हे नाव दिलं. कागदोपत्री त्यांना आदिवासी म्हणायला सरकारला फार वर्षं लागली. आपसात ते जे बोलतात ते तमिळ नाही. आत्या म्हणायची, त्यांचं बोलणं ऐकलं की आपल्याच घराच्या दुसऱ्या खोलीत कुणीतरी बोलतंय असं वाटतं. शब्द नीट लागत नाहीत, पण आवाज घरचा. पाण्याला तेही पाणीच म्हणतात. नवीन असताना ती तिथे गेली तेव्हा बायका तिच्यासमोरच तिची टिंगल करत होत्या, आणि अर्धं कळल्यामुळे ती हसली. त्या दिवसापासून ती 'नर्सम्मा' झाली.

वस्तीचा म्हातारा मुखिया सिंगारम. डोक्याला लाल रुमाल, गळ्यात स्वतःच्याच हातच्या माळा. तो तिला म्हणायचा, "तुम्ही मराठे घोड्यावर बसून इकडे आलात. आम्ही त्याच घोड्यांमागून चालत आलो. तुम्हाला तंजावूर मिळालं, आम्हाला लीद."

"आम्हाला तरी काय राहिलं?" आत्या म्हणायची. "घोडाही गेला. मी बसनं येते."

त्या वस्तीत बाळं मरत होती. जन्मताना ठीक असत, मग हळूहळू फिकट पडत आणि चालायला लागायच्या आधी जात. आईबापांच्या रक्तातून मुलात उतरणारा एक दोष होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, वस्तीचंही नाही. हा दोष स्पर्शाने लागत नाही. बाळाच्या जन्मानंतर लगेच कळला तर औषधाने, काळजीने मूल वाढवता येतं. पण तो कळायला आधी रक्त तपासावं लागतं, आणि वस्ती रक्त द्यायला तयार नव्हती.

डॉ. अरुणकुमार चेन्नईच्या एका संशोधन संस्थेतून आले ते याच कामासाठी. तरुण, घामाघूम, बुटांना चिखल लागला तरी तक्रार न करणारे. आत्याला ते आवडले. तिने वस्तीतल्या चिंचेखाली सगळ्यांना गोळा केलं. डॉक्टरांनी तमिळमध्ये समजावलं: रक्त कशासाठी, गुप्तता म्हणजे काय, माहिती कशी सुरक्षित राहील. ते बराच वेळ बोलले. बायकांच्या हातातल्या सुया मण्यांमधून जात राहिल्या. कुणी वर पाहिलं नाही.

सिंगारम म्हणाला, "डॉक्टर चांगलं बोलतात. आता नर्सम्मा, तू सांग. बाहेर गेलेलं रक्त कुणाचं?"

इथे त्यांच्या एका चालीबद्दल सांगायला हवं. प्रत्येक घराण्याची देवी एका गाठोड्यात असते. मूर्ती नसली तरी चालते. महत्त्वाची असतात ती वस्त्रं. बळी देताना घराण्यातला पुरुष जी नेसतो आणि ज्यांवर बळीचं रक्त पडतं, ती न धुता घडी करून त्या गाठोड्यात ठेवतात. ते झोपडीत उंच टांगलेलं असतं. त्या घराण्याशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही, गाठ सोडायची तर गोष्टच नाही. घर जळालं तर आधी मूल आणि गाठोडं, मग बाकी सगळं.

आत्याला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. एका वादळात कालवा फुटला आणि वस्तीत कमरेएवढं पाणी आलं तेव्हा ती तिथे होती. सगळे शाळेच्या गच्चीवर पोचले, पण सिंगारमची म्हातारी बहीण गाठोड्याखाली उभी राहिली होती आणि हलेना. हात पोचत नव्हते. आत्या तिच्यापेक्षा वीतभर उंच होती, हात वर करून सहज काढलं असतं. तिने गाठोड्याला हात लावला नाही. ती पाण्यात वाकली, म्हातारीला खांद्यावर घेतलं आणि म्हातारीने स्वतःच्या हाताने ते सोडवून घेईपर्यंत तशीच उभी राहिली. म्हातारी नंतर वारली. ही गोष्ट मात्र वस्तीत राहिली. लहान मुलं तिचं नाटक करून दाखवत. आत्या झालेला मुलगा उगाच धापा टाकायचा.

म्हणून चिंचेखाली सिंगारमने विचारलं तेव्हा आत्याला उत्तर शोधावं लागलं नाही. ती त्यांच्याच बोलीत म्हणाली, "तुमचं रक्त तुमच्या देवीच्या गाठोड्यासारखं राहील. ते दुसऱ्याच्या घरी टांगलं असेल, पण तुम्हाला विचारल्याशिवाय गाठ कुणी सोडणार नाही."

सुया थांबल्या.

"देवीच्या नावाने बोलतेयस," सिंगारम म्हणाला. "कळतंय ना तुला?"

"कळतंय."

डॉक्टरांना यातलं थोडंच कळलं. "काय म्हणालात त्यांना?" त्यांनी परतताना विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेंच," आत्या म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

संमतिपत्रांवर अंगठे उठले. साक्षीदार म्हणून खाली आत्याने सही केली. भविष्यातल्या संशोधनासाठी नमुने आणि माहिती इतर संस्थांना देता येईल, असं त्यात एक वाक्य होतं. ते तिने वाचलं होतं. भविष्यातलं संशोधन म्हणजे डॉक्टर पुन्हा येतील, पुन्हा चिंचेखाली बसतील, विचारतील, असा तिने अर्थ घेतला. ज्या घरात चमचासुद्धा रात्रभर ठेवत नाहीत त्या घरातल्या बाईला दुसरा अर्थ सुचला नाही.

सुरुवातीला सगळं चांगलं झालं. दोष कुणाकुणात आहे ते कळलं. पुढच्या वर्षी जन्मलेल्या एका मुलाला वेळेवर औषध मिळालं. तो मुलगा आज धावतो, शिव्या देतो, मणी चोरून विकतो. सिंगारमची नात शिवरंजनी हिच्यात आणि तिच्या नवऱ्यात दोघांतही दोष निघाला. आत्याने तिला बजावलं, "तुला मूल झालं की पहिल्याच दिवसांत त्याच्या टाचेतून एक थेंब घ्यायचा. एकच. मग भिण्यासारखं नाही."

"एक थेंब कशाला, टाचच घे," शिवरंजनी म्हणाली. तेव्हा तिला दिवसही गेले नव्हते, आणि तिला सगळ्याचंच हसू येई.

मग दोनेक वर्षांनी ती बातमी आली.

वस्तीचं रक्त आणि त्यातली माहिती संस्थेने एका मोठ्या साठ्यात दिली होती. तिथून ती आणखी पुढे गेली. कुठल्याशा परदेशी गटाने त्यावर अहवाल लिहिला. त्यात माणसांची नावं नव्हती, हे खरं. पण जमातीचं नाव होतं, देवळांच्या गावाचं नाव होतं, आणि नकाशावर कालव्याकाठी एक लाल ठिपका होता. एका तमिळ दैनिकाने तो ठिपका उचलला. वर मथळा, 'रक्तातच दोष असलेली जमात'. खाली देवळाबाहेर माळा विकणाऱ्या बायकांचं छायाचित्र. डावीकडून दुसरी शिवरंजनी.

छायाचित्रातल्या बायकांना ते पहिल्यांदा कळलं ते चहावाल्याकडून. त्याने त्यांना कागदी कपात चहा दिला. बाकीचे सगळे पेल्यातून पीत होते.

"अण्णा, आमचे पेले कुठे?"

"हेच घ्या. पिऊन चुरगाळून टाका."

"काल तर पेल्यात दिलास."

"काल पेपर वाचला नव्हता."

मग माळा विकल्या जाईनात. रोगी हाताने ओवलेले मणी कोण गळ्यात घालणार? दुकानदारांनी त्यांना देवळाच्या रस्त्यावरून उठवलं. एका वसतिगृहाने वस्तीतल्या दोन मुलींना सुट्टीनंतर परत घेतलं नाही; आधी डॉक्टरचं पत्र आणा म्हणाले. तिरुच्चीकडच्या त्यांच्याच लोकांनी जमलेलं एक लग्न मोडलं. दोष त्यांच्यातही असेल. पण त्यांचा ठिपका पेपरात आला नव्हता.

सिंगारम आमच्या घरी आला तो एका सकाळी. तोवर कधी आला नव्हता. आत्याने ओट्यावर बसायला सांगितलं, तो रस्त्यातच उभा राहिला. हातात पेपर नव्हता. त्याला वाचता येत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

"गाठ कुणी सोडली?" त्याने विचारलं.

आत्या उंबऱ्यात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. "मला ठाऊक नाही."

"तू सोडलीस?"

"नाही."

"मग ज्याने सोडली त्याला धरून आण. नाहीतर गाठोडं परत आण. ज्याच्या शब्दावर दिलं त्यानेच परत बांधायचं, ही आमची रीत." तो जायला वळला, आणि पाठमोराच म्हणाला, "शिवरंजनीला दिवस गेलेत. वस्तीत आता कुणी सुई आणायची नाही. तुझीसुद्धा नाही."

यातल्या शेवटच्या वाक्याचा अर्थ आत्याने बरोबर घेतला. बाकीची सगळी बदनामी कदाचित काळाने विरली असती. पण शिवरंजनीचं मूल जन्मायला थोडे महिने होते, आणि त्याच्या टाचेतला एक थेंब आता त्या गाठोड्याला बांधला गेला होता. गाठोडं परत आलं तर सुई वस्तीत जाणार होती.

ती चेन्नईला गेली. सोबत मला नेलं, कारण साहेब लोकांशी आपल्याला इंग्रजीत नीट बोलता येणार नाही असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात तिने मला बोलूच दिलं नाही. गार खोलीत संस्थेची समिती बसली होती. डॉ. अरुणकुमार कोपऱ्यात होते, खाली मान घालून. अध्यक्षबाई सौम्य होत्या. त्यांनी कॉफी मागवली.

"तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," त्या म्हणाल्या. "पण नियमाबाहेर काहीही झालेलं नाही. प्रत्येकाची संमती आहे. साक्षीदार म्हणून तुमची सही आहे."

"सही माझी आहे," आत्या म्हणाली. "शब्दही माझाच होता. म्हणून तर मीच आले."

"तुम्हाला नक्की काय हवंय?"

"त्यांच्या गावाचं नाव काढा. उरलेलं रक्त परत द्या. आणि पुढे कुणाला काही द्यायचं झालं तर आधी त्यांना विचारा."

"कुणाला? प्रत्येक माणसाला?"

"सगळ्यांना एकत्र. ते चिंचेखाली बसतात."

एक सदस्य हसले. वाईट हसू नव्हतं. एखाद्या मुलाने चंद्र मागितला की येतं तसं होतं. अध्यक्षबाईंनी सांगितलं की संमती मागे घेण्याची सोय आहे. वस्तीने तसं कळवलं तर संस्था तिच्याकडची माहिती काढून टाकील. पुढे गेलेल्या माहितीवर मात्र तिचा ताबा नाही, ज्यांच्याकडे ती गेली त्यांचे नियम वेगळे. आत्याने शेवटच्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून शेव खात होती आणि बऱ्याच दिवसांनी बोलत होती. "मागे घेतां येतें म्हणाली ना गे ती? म्हणजे परत येतें."

वस्तीने पुन्हा अंगठे दिले, या वेळी माघारीचे. सिंगारमने शिवरंजनीच्या झोपडीत वरचा एक वासा रिकामा करून ठेवला. परत येणाऱ्या रक्ताचं काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं. देवीचं करायचं होतं, बाहेरच्यांना सांगायचं नव्हतं, आणि आत्याने विचारलं नाही.

डॉ. अरुणकुमार स्वतः आले. पत्र पाठवता आलं असतं. ओट्यावर बसले, बूट काढले, कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरला.

"अक्का, गावाचं नाव काढलं. आमच्या साठ्यातली माहितीही काढली."

"आणि नळ्या?"

"झालं ते काम."

"कोणतें काम? डबा कोठें आहे?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "डबा नाही, अक्का. माघार घेतली की नमुने नष्ट करायचे असतात. नियम तसाच आहे. भट्टीत जाळतात."

समोरच्या भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पितळेवर ठोकत होतं, ते थांबेपर्यंत आत्या तिकडेच बघत होती.

"कुणाला विचारून जाळलें?"

"अक्का," ते फार हळू म्हणाले, "मागणी तुमचीच होती."

ती दुसऱ्याच दिवशी वस्तीत गेली. मी बरोबर होते. तिने छत्री उघडली नाही, ऊन असूनही. सिंगारम चिंचेखाली बसला होता, शिवरंजनी झोपडीच्या दारात पाय पसरून मणी ओवत होती, पोट आता चांगलं दिसत होतं. आत्याने उभ्यानेच सांगितलं. लपवलं नाही, सजवलं नाही. जाळलं, हा शब्द तिने त्यांच्याच बोलीतला वापरला.

सिंगारमने विचारलं, "राख?"

"माहीत नाही."

"आणखी कशाबरोबर जाळलं?"

तिला ते माहीत होतं. दवाखान्यांचा सगळा कचरा त्याच भट्टीत जातो. तिने सांगितलं.

सिंगारमने डोक्याचा रुमाल काढला आणि गुडघ्यावर ठेवला. "तू खोटं बोलली नाहीस, नर्सम्मा," तो म्हणाला. "तुझं नव्हतं ते तू देऊन बसलीस."

शिवरंजनीला मुलगी झाली, घरातच, सुईणीच्या हातची. आत्याला कळलं ते दुसऱ्या दिवशी. ती गेली. तिला कुणी अडवलं नाही. ती पिशवी घेऊन दारापर्यंत येऊ शकत होती, वजनकाटाही चालत होता. काटा काही घेऊन जात नाही. बाळ झोळीत घातलं, काट्याला टांगलं, वजन चांगलं भरलं. मग आत्या उकिडवी बसली.

"शिवरंजनी, एक थेंब. टाचेतून. तुला सांगितलं होतं ना?"

शिवरंजनीने बाळाची टाच मुठीत धरली, जणू ती आत्ताच कुणी नेणार होतं. "थेंब कुठे जाईल?"

"तंजावूरच्या प्रयोगशाळेत."

"तिथून?"

आत्याने रिकामी झोळी घडी घालायला घेतली.

"नर्सम्मा, मी देते," शिवरंजनी म्हणाली. "आजोबांना मी सांभाळते. तू फक्त म्हण, तिथून पुढे जाणार नाही. तू म्हणालीस की मी देते."

पुष्कळदा मी तो क्षण मनात उलटा करून पाहिला आहे. एवढंच म्हणायचं होतं. आत्याने बाळाकडे पाहिलं, शिवरंजनीकडे पाहिलं. वर, रिकाम्या ठेवलेल्या वाशाकडेही.

"तंजावूरपर्यंत मी स्वतः नेऊन देईन," ती म्हणाली. "तिथून पुढचं मला ठाऊक नाही."

शिवरंजनीने टाच पदराखाली घेतली.

त्या संध्याकाळी वडिलांनी आवाज चढवला. तिच्यावर त्यांनी आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "एक शब्द बोलायचा होता, अक्का! पोराच्या जिवासाठीं माणूस देवासमोर खोटें बोलतो. तूं काय मोठी हरिश्चंद्र लागून गेलीस?"

"मागच्या खेपेस बोललें होतें ना," आत्या म्हणाली. "तेव्हां खरें वाटत होतें, एवढाच फरक." आणि पिशवी उलटी करायला बाहेर गेली.

त्यानंतर ती दर आठवड्याला जात राहिली. वजन करायचं, डोळ्यांच्या खालची त्वचा ओढून बघायची, नखं बघायची. डॉ. अरुणकुमारांना फोन करायची. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत थेंबाचं पुढे काय होतं हे त्यांनी शोधून काढायचा प्रयत्न केला. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने नियमावलीकडे. कुणी 'पुढे देणार नाही' असंही म्हटलं नाही, 'देऊ' असंही नाही. तपासल्याशिवाय ते औषध देता येत नव्हतं. बाळाचं वजन वाढायचं थांबलं. मग उतरू लागलं. आत्याने वस्तीत जाऊन सिंगारमचे पाय धरले, हे मला तिने सांगितलं नाही. दुसऱ्या नर्सने सांगितलं. सिंगारम रडला म्हणे, पण नाहीच म्हणाला. अखेर शिवरंजनीच आजोबांना न जुमानता बाळाला घेऊन बसने मोठ्या दवाखान्यात आली. तिथे रक्त घेतलं गेलं, एक थेंब नव्हे, बरंच. पण तोपर्यंत फार उशीर झाला होता, आणि तिथल्या डॉक्टरांनी बाळाला घरी न्यायला सांगितलं.

त्यानंतर एकदाच आत्याने बाळाचं वजन केलं. काटा बघून तिने आकडा मोठ्याने म्हटला नाही. घरी येऊन पिशवी उलटी केली तेव्हा त्यातून काळ्या मण्यांची एक इवली मनगटी पडली. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसली. झोळीतून काढताना हातातून निसटली असणार. हात तेवढा बारीक झाला होता. आत्याने ती वाटीत ठेवली.

सकाळी ती द्यायला गेली तेव्हा कालव्याच्या पलीकडे माणसं परतताना दिसली, त्यांच्या हातात फावडी होती. शिवरंजनी दारात बसली होती. आत्याने मनगटी पुढे केली. शिवरंजनीने पाहिली.

"ती आता कुणाची?" ती म्हणाली.

आत्याने थोडा वेळ हात तसाच ठेवला, मग मूठ मिटली. मनगटी घरी आली, वाटीत गेली, आणि तिथेच राहिली. रोज सकाळी ती वाटी रिकामी करायची, मनगटी तेवढी पुन्हा आत ठेवायची.

पुढच्या काळात वस्तीने आपला नियम केला. कुणी रक्त मागायला आलं, फोटो काढायला आलं, नुसतं 'तुमच्यात किती जण आजारी' असं विचारायला आलं तरी त्याने आधी चिंचेखाली बसायचं. काय नेणार, कुठे ठेवणार, पुढे कुणाला देणार, आणि जे कळेल ते इथे येऊन सांगणार की नाही, हे सगळ्यांसमोर बोलायचं. माझ्या माहितीत दोन गट येऊन गेले. पहिल्यांनी चटईवर बसून ऐकलं आणि विचार करून कळवतो म्हणाले. दुसऱ्यांना संध्याकाळची गाडी पकडायची होती. त्या दिवशी आत्या तिथेच होती, लसींचा डबा मांडीवर घेऊन. सिंगारमने तिला त्यांच्यात बसवलं नाही, आपल्यातही बसवलं नाही. ती मधे, उन्हात बसली. पण लस टोचायला त्याने पोरं पाठवली. लस आत जाते, काही घेऊन येत नाही, असं त्याने बायकांना सांगितलं. रक्त तिथे अजून कुणी देत नाही. त्यानंतर आणखी एक बाळ गेलं.

त्या अहवालाचा नकाशा अजूनही शोधला तर सापडतो. लाल ठिपका आहे तिथेच आहे.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना आत्या गेली. आजार म्हणावा असा नव्हता. दोन दिवस अंग मोडून आलं होतं, छातीत जड वाटतं म्हणाली, आणि वडिलांनी उद्या डॉक्टरकडे जाऊ म्हटल्यावर "सरि", बरं, म्हणाली. त्या दिवशी ती कामाला गेली नव्हती, तरी संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसली. पिशवी रिकामीच होती. तिने ती तरीही उलटी करून झटकली. मग वाटी घेतली, मनगटी बोटाने एकदा फिरवली, वाटी कोनाड्यात ठेवली आणि आत येऊन लवकर आडवी झाली. सकाळी ती उठली नाही.

झोपायच्या आधी मी तिला पाणी द्यायला गेले होते. तिने पेला घेतला, अर्धा प्यायली, आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं. शेजारच्या भुवनेश्वरीने दुपारी रसम पाठवलं होतं, तो डबा तिकडे पालथा वाळत होता.

"भुवनेश्वरीचा डबा घासला आहे," आत्या म्हणाली. "झांकणासकट नेऊन दे गे उद्यां, विसरूं नको."